पेंडीचा वास

तांबडी पहिली गेली.

आदल्या संध्याकाळी थोरली सून धारेला बसली तेव्हा तांबडीनं पान्हा चोरला. सड ओढून ओढून थोरलीची बोटं अवघडली, तरी चरवीचा तळ कसाबसा झाकला. "आज काय रुसलीस गं?" म्हणत तिनं गायीच्या मांडीवर थाप मारली. गाय वळूनसुद्धा बघेना. नुसती दात खात उभी. सकाळी बघितलं तर डोळे हळदीसारखे पिवळे, मान खाली, आणि डोकं भिंतीला असं टेकवलेलं की जणू भिंतच ढकलायची आहे. दुपारच्या आत ती पाय ताणून आडवी झाली ती उठलीच नाही.

मग एकामागून एक. गोठा भरलेला होता आणि बघता बघता रिकामा झाला. थोरलीचे सासरे आबा आणि तिचा नवरा मागच्या पडीक तुकड्यात खड्डे खणत राहिले. कुदळ दगडावर आपटली की खण्ण आवाज यायचा आणि आबा मिनिटभर तसेच वाकून थांबायचे. मेलेलं जनावर जिवंतपणी असतं त्याच्या दुप्पट जड होतं. थोरली पायांना दोर बांधायची, तिघं मिळून ओढायची. हातांची सालटं निघाली, तिथं दोराचा काथ्या रुतून बसायचा.

एकच गाय उरली. भाकड. दूध आटल्यामुळं तिला पेंड घालायची बंद केलेली, नुसत्या वैरणीवर होती. नवरा कितीदा म्हणायचा, ही खायला काळ आहे, हिला काढून टाकू. आता तीच एकटी गोठ्यात रवंथ करत बसलेली असायची.

गुरांचे सरकारी डॉक्टर आले. त्यांनी एक गाय उघडून बघितली, काळजाचे तुकडे बाटल्यांत घातले आणि "खाण्यातून काहीतरी गेलंय" एवढं बोलून गेले. पाठोपाठ पेंडीच्या गिरणीचा मॅनेजर आला. पांढरी विजार, नाकाला रुमाल. दारातूनच म्हणाला, "वाईट झालं हो. पण आमची पेंड सगळीकडं जाते. बाकी कुणाची तक्रार नाही."

त्यावर आबा उठले. आबा म्हणजे गुरांतले जाणते. आसपासच्या वस्त्यांवरून माणसं आजारी जनावर घेऊन त्यांच्याकडं यायची. आबा जनावराचं तोंड उघडून हुंगायचे आणि काय झालंय ते सांगायचे. त्यांच्या नाकाचा दबदबा होता. त्या दिवशी अंगण माणसांनी भरलेलं. आबांनी गोणीत हात घातला, मूठभर पेंड नाकाशी नेली आणि म्हणाले, "सडलीय. वास येतोय बघा."

मूठ या हातातून त्या हातात गेली. ज्यानं त्यानं हुंगली आणि ज्यानं त्यानं मान हलवली. येतोय खरा वास.

थोरली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती गोणी तिनंच उसवली होती. सकाळ-संध्याकाळ कोपरापर्यंत हात घालून पेंड तीच कालवायची. तिच्या हाताला गुठळी लागली नव्हती, नाकाला काही जाणवलं नव्हतं. पण सासरे गाई पुरून आलेले, डोळे लाल झालेले. ती काही बोलली नाही.

लोक पांगल्यावर आबा म्हणाले, "ती गोणी खड्ड्यात टाका." तेव्हा मात्र ती बोलली. "असू द्या, आबा." तिनं दाभण आणि सुतळी घेतली, अर्ध्या गोणीचं तोंड शिवलं आणि ती माळ्यावर चढवून ठेवली.

*

त्यांचा गिरणीवरचा दावा चालवणाऱ्या वकीलबाईंची खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होती. खालून ठोकाठोकीचा आवाज यायचा आणि त्यावरून बाईंना आवाज चढवावा लागायचा. बाई वयानं थोरलीहून फार मोठ्या नसाव्यात. आबा खुर्चीत बसले, नवरा स्टुलावर, थोरली खिडकीशी उभी राहिली.

"गिरणीचं उत्तर आलंय," बाई म्हणाल्या. "त्यांचं म्हणणं, पेंड चांगलीच होती. तुम्ही ओलीत ठेवली म्हणून तिला बुरशी धरली."

"ते जज्जाला मी सांगतो," आबा मांडी ठोकून म्हणाले. "माझा जन्म गुरांत गेला. मला विचारा म्हणावं, पेंड चांगली कुठली आणि वाईट कुठली."

"आबा, तुम्हाला तिथं जाणकार म्हणून नाही उभं करायचं."

"मग काय म्हणून?"

"बघणारा म्हणून. कोर्टात दोन तऱ्हेचे साक्षीदार असतात. एक, ज्यानं डोळ्यांनी बघितलं, कानांनी ऐकलं, हातानं केलं. त्यानं तेवढंच सांगायचं. त्याचा अर्थ काय ते सांगायचं नाही. दुसरा तज्ज्ञ. त्यानं तिथं काहीच बघितलेलं नसतं, पण त्याला विचारता येतं की बाबा, असं असं झालं, तर तुझ्या विद्येप्रमाणं त्याचं कारण काय? मत त्यानं द्यायचं. पशुवैद्यक कॉलेजातले प्राध्यापक येणार आहेत, ते देतील."

"म्हणजे त्या प्राध्यापकानं माझा गोठा बघितला नाही आणि गाय का मेली ते तो सांगणार. आणि मी..."

"तुम्ही गाय कशी मेली ते सांगणार."

आबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. इतकी माणसं ज्यांच्या शब्दावर जनावर विकत घ्यायची, त्यांना पोरसवदा बाई सांगत होती की मत देऊ नका. नवरा खाली मान घालून चपलेचा अंगठा चाळवत बसला. थोरलीला सासऱ्यांची कीव आली आणि त्याच वेळी बाईंचं म्हणणं पटलंही. दोन्ही एकदम. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"आणखी एकजण तुमच्याकडं येतील," बाई म्हणाल्या. "चाऱ्याच्या प्रयोगशाळेत होत्या, आता निवृत्त आहेत. त्यांना गोठा दाखवा. विचारतील त्याचं उत्तर द्या."

*

त्या आल्या तेव्हा थोरली वैरण कापत होती. जाड भिंगांचा चष्मा, पायात बूट, हातात काही नाही. चहा नको म्हणाल्या आणि सरळ गोठ्यात शिरल्या. कोपऱ्यातल्या जमिनीवर तळवा टेकवला. गोण्यांखालच्या फळ्या उचलून खाली बघितलं. भाकड गायीच्या डोळ्यांच्या पापण्या उलटून बघितल्या. मग थोरलीला विचारत सुटल्या. गोणी कधी आली, कधी उसवली, कुठं ठेवली, कशात कालवली, पाणी कुठलं, वैरण कुठली. थोरली सांगत गेली. वासाचं मात्र त्यांनी विचारलंच नाही.

शेवटी थोरलीनंच विचारलं, "कोर्टात तुम्ही बोलणार का?"

"नाही. मी तिथं येणारसुद्धा नाही. माझं नावही निघणार नाही."

"मग हे सगळं कशाला?"

"तुमच्या वकीलबाईंना सांगायला. आपली बाजू कुठं पक्की आहे, कुठं पोकळ आहे. कुणाला काय विचारायचं, समोरचा काय विचारेल. जे पोकळ आहे तेही मी त्यांना सांगते. म्हणून तर मला आत बोलवत नाहीत." त्या हसल्या.

"मग मलाही सांगा की. काय झालं असेल?"

चष्म्याआडचे डोळे थोरलीवर स्थिरावले. "तुला नाही सांगणार. तू बघितलेलं सांगणारी. मी काही सांगितलं तर उद्या तुला कळणार नाही, यातलं तू बघितलेलं कुठलं आणि मी घातलेलं कुठलं."

त्या गेल्यावर ओट्यावरून आबा म्हणाले, "तोंड लपवून सल्ले द्यायचे. असली कसली साक्षीदार?"

*

आबांच्या साक्षीच्या दिवशी थोरलीला बाहेर बसवलं. तिची साक्ष व्हायची होती, तोवर तिनं आतलं ऐकायचं नाही, असा नियम. व्हरांड्यातल्या बाकाची एक फळी सुटलेली होती, बसलं की मांडीला चिमटा बसायचा. आत नवरा बसला होता. दार बंद. पंख्याची घरघर तेवढी ऐकू यायची.

बऱ्याच वेळानं आतून हशा आला. एकट्यादुकट्याचा नव्हे, भरल्या खोलीचा. थोरली उठून उभी राहिली.

दार उघडलं. आबा बाहेर आले ते कुणाकडं न बघता सरळ जिना उतरू लागले. एका हातानं कठडा धरलेला. पाठोपाठ नवरा.

"काय झालं?"

"वासाचं बोलले," नवरा दबक्या आवाजात म्हणाला. "बाईंनी विचारलंही नव्हतं. आपणहून म्हणाले, पेंड सडलेली होती, कुबट वास येत होता, माझं नाक कधी चुकत नाही. मग गिरणीचा वकील उठला. म्हणाला, नाक एवढं तल्लख आहे, तर सडकी पेंड गाईंना घातलीत कशी? रोज घातलीत. का तेव्हा सर्दी झाली होती?"

"मग?"

"मग काय. सगळे हसले. आबा साक्षीच्या पिंजऱ्यातून तसेच उतरले."

परतीच्या वाटेवर बसमध्ये आबा एकटेच पुढं बसले. त्यांच्या मानेवरची शीर थोरलीला मागून दिसत होती.

घरी आल्यावर ताट पुढं आलं तसं आबांनी ते बाजूला सारलं. "थोरले."

"जी, आबा."

"पुढच्या तारखेला तुझी साक्ष. वास येत होता म्हणून सांग. पहिल्या दिवशी नव्हता, मागाहून यायला लागला, असं काहीतरी. म्हणजे माझ्या बोलण्याला टेकू मिळेल."

थोरलीनं पदराला हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिली.

"आबा, वास आला नव्हता."

"अंगणातल्या सगळ्यांना आला."

"तुम्ही म्हणालात म्हणून आला त्यांना. पेंड मी कालवली. माझे हात रात्रीसुद्धा त्याच पेंडीचे असायचे. वास नव्हता."

नवरा मध्ये पडला. "अगं, एका शब्दानं काय बिघडतंय तुझं? आबांची चारचौघांत शोभा झाली. घरच्या माणसानंच त्यांना खोटं पाडायचं?"

"मी त्यांना काहीच पाडत नाही. मला जे आलं नाही ते आलं म्हणणार नाही."

"म्हणजे आम्ही सगळे खोटे आणि तू एकटी खरी."

"असेन तर असेन," थोरली म्हणाली. "ती गिरणी म्हणते आम्ही पेंड ओलीत ठेवली. खोटं बोलते म्हणून आपण तिच्याशी भांडतोय ना? मग तिथं जाऊन मीही तेच करू?"

आबा उठले आणि गोठ्याकडं निघून गेले. त्या दिवसापासून त्यांनी थोरलीशी बोलणं टाकलं. पाणी हवं असलं तर रिकामा तांब्या दारात ठेवायचे. ती भरून ठेवायची. शेजारपाजारी कुजबुज सुरू झाली की सून फितूर झाली, गिरणीनं काहीतरी दिलं असणार. पाणवठ्यावर ती गेली की बायकांचं बोलणं थांबायचं. एकीनं तर तोंडावर विचारलं, "नवी गाय कधी येतेय गं?"

"आली की धार काढायला तुलाच बोलावते," थोरली म्हणाली आणि घागर उचलून चालू लागली. घरी पोचेपर्यंत घागर हिंदकळून तिचा खांदा भिजला.

तारखेच्या आदल्या दिवशी ती वकीलबाईंकडं गेली. म्हणाली, "बाई, वासाचं..."

बाईंनी हात वर केला. "ताई, तू काय सांगणार ते मी तुला शिकवणार नाही. खरं सांग, विचारलं तेवढं सांग. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हण. घरी काय बोलणं झालं तेही मला नको."

"माझ्यानं केस बुडाली तर?"

"केसचा भार तुझ्यावर नाही. तुझ्यावर फक्त तू बघितलेल्याचा आहे."

*

पिंजरा तिच्या छातीपर्यंत आला. लाकडाच्या कठड्यावर इतक्या जणांच्या हातांचा घाम जिरलेला की तो काळा पडला होता. थोरलीनं तो दोन्ही हातांनी धरला. समोरच्या बाकावर आबा, शेजारी नवरा. आबा छताकडं बघत होते.

वकीलबाईंनी साधे साधे प्रश्न विचारले. गोणी कुणी उसवली, पेंड कुणी घातली, उरलेली गोणी कुणी शिवली. शिवलेली गोणी पुढं आणून ठेवली होती. "ही तीच का?" थोरलीनं सुतळीचे टाके बघितले. "माझेच टाके आहेत." मग विचारलं, गोठ्यातली कुठली गाय वाचली? तिनं भाकड गायीचं सांगितलं. तेच पाणी, तीच वैरण, शेजारचाच खुंटा. फक्त पेंड नव्हती.

मग गिरणीचा वकील उठला. उंच, केसांना तेल, बोलणं गोड.

"गोण्या कुठं ठेवत होता, बाई?"

"गोठ्याच्या कोपऱ्यात."

"जमिनीवर?"

"फळ्यांवर. एक फळी कमी पडायची, म्हणून एक गोणी जमिनीला टेकलेली असायची."

नवऱ्यानं डोळे मिटून घेतले.

"त्या कोपऱ्याला ओल येते?"

"पावसाळ्यात येते."

वकिलानं जज्जसाहेबांकडं बघून समाधानानं मान हलवली. "आता सांगा. पेंडीला कुबट वास येत होता ना? तुमचे सासरे शपथेवर सांगून गेलेत."

आबांनी छतावरची नजर खाली आणली. थोरलीच्या डोळ्यांना ती भिडली. त्या नजरेत धमकी नव्हती, विनवणी होती, आणि तेच तिला जास्त जड गेलं. तिनं कठडा घट्ट धरला.

"नाही," ती म्हणाली. "वास येत नव्हता."

खोलीत चुळबुळ झाली. वकीलही क्षणभर गोंधळला. ओलीतल्या बुरशीचं जुळवायला त्याला हो हवं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तो सावरला.

"म्हणजे तुमचे सासरे खोटं बोलले?"

"त्यांच्या नाकाचं मी कसं सांगू? माझ्या नाकाचं विचारलंत, ते सांगितलं."

"गुठळ्या?"

"नव्हत्या."

"रंग बदललेला? बुरशी?"

"नाही."

"वास नाही, गुठळी नाही, बुरशी नाही." त्यानं एकेक बोट मिटून दाखवलं. "म्हणजे पेंड उत्तम होती. गिरणीनं माल चांगला दिला. हेच ना?"

"ते मी म्हणाले नाही."

"अहो, मग अर्थ काय होतो त्याचा?"

"अर्थ सांगायला मला इथं उभं केलेलं नाही, साहेब. मला काय दिसलं, हाताला काय लागलं, ते विचारा. पुन्हा पुन्हा विचारा. पेंड उत्तम होती हे माझ्या तोंडी घालू नका. माझ्या गाई मेल्यात."

आवाज जरा चढलाच. वकीलबाई हरकत घ्यायला अर्ध्या उठल्या होत्या, त्या तशाच थांबल्या. जज्जसाहेब लिहिता लिहिता म्हणाले, "साक्षीदारानं उत्तर दिलेलं आहे. मत विचारू नका. पुढचा प्रश्न."

पुढचा प्रश्न नव्हता.

बाहेर नवरा तिच्या अंगावर आला. "ओलीचं सांगितलंस, जमिनीला टेकल्याचं सांगितलंस, वास नाही म्हणालीस. आता उरलं काय? त्यांच्याच वकिलाचं काम केलंस तू."

"विचारलं ते सांगितलं," ती म्हणाली, आणि त्याच्या पुढं चालू लागली.

*

प्राध्यापकांच्या साक्षीला तिला आत बसता आलं. तिची साक्ष झालेली होती. आबा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले, मध्ये नवरा.

प्राध्यापक ठेंगणे, बोलताना घसा खाकरायचे. शिवलेल्या गोणीतल्या पेंडीचा आणि काळजाच्या तुकड्यांचा तपास त्यांनी केला होता. दोन्हीत एकच विष निघालं. बुरशीचं विष.

"बुरशीचं," गिरणीचा वकील टुणकन उठला. "म्हणजे यांच्या ओल्या गोठ्यात धरलेली."

"नाही," प्राध्यापक म्हणाले. "गोठ्यात धरली असती तर पेंडीच्या गुठळ्या झाल्या असत्या, कुबट वास सुटला असता. पेंड कालवणाऱ्या बाईंची साक्ष मी वाचली. वास नव्हता, गुठळी नव्हती. माझ्याकडं आलेल्या गोणीतही नव्हती, जिवंत बुरशी मला सापडली नाही. याचा अर्थ बुरशी आधीच, दाण्यालाच धरलेली होती. गिरणीत दाणा तापतो, दळला जातो, त्यात बुरशी मरते. विष मरत नाही. त्या विषाला ना रंग, ना वास, ना चव. कितीही जाणकार माणूस असो, नाकानं ते कळणार नाही."

वकीलबाईंनी हातातल्या पेनाचं टोपण लावलं. तेव्हा थोरलीच्या लक्षात आलं, की चष्मेवाल्या बाईंनी त्या दिवशी वासाचं का विचारलं नव्हतं. सगळं विचारून तेवढंच सोडलं होतं. ते तिचं तिलाच सांगू द्यायचं होतं.

आबा पुढं वाकून बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर. नाकानं ते कळणार नाही, हे शब्द त्यांच्यापर्यंत पोचले आणि तिथंच बसले. ते थोरलीकडं बघतील असं तिला वाटलं. त्यांनी बघितलं नाही.

निकाल त्यांच्या बाजूनं लागला. गिरणीनं गाईंची भरपाई द्यायची. पाणवठ्यावरच्या त्याच बायका आता "आम्हाला आधीपासून ठाऊक होतं" म्हणू लागल्या. नवरा एकदा पाठीमागं येऊन म्हणाला, "चुकलं माझं." ती म्हणाली, "फळी आणा एक. कोपऱ्यात कमी आहे." तेवढंच. आबा मात्र तसेच. रिकामा तांब्या दारात, भरला तांब्या दारात.

मग एके दिवशी, सकाळच्या धारा चालू असताना, मॅनेजर आला. भरपाईतून दोन गाई नुकत्याच आणलेल्या, अजून घराला रुळायच्या होत्या. अंगणात शेजारचे दोघेतिघे उभे होते. मॅनेजरनं या खेपेला नाकाला रुमाल लावला नव्हता.

"आम्ही वरच्या कोर्टात जातोय," तो म्हणाला. "म्हटलं, सांगून जावं. तिथं मोठे वकील असतात. सगळं पहिल्यापासून उकरून निघेल. सासरे एक सांगतात, सून दुसरं सांगते. घराण्याची अब्रू पुन्हा वेशीवर टांगली जाईल. त्यापेक्षा थोडक्यात मिटवा. निम्मं घ्या, आणि आमच्या पेंडीत दोष नव्हता असं लिहून द्या."

नवरा काही बोलणार तोच थोरली गायीखालून उठली. हात दुधानं ओले होते, ते तिनं पुसलेसुद्धा नाहीत.

"जा वरच्या कोर्टात," ती म्हणाली. "त्याच्यावर आणखी असेल तर तिथंही जा. मला बोलावलंत तर येईन. तिथंही वास आला नव्हता, हेच सांगीन."

मॅनेजर हसला आणि ओट्याकडं वळला. "आणि आबा? तुम्ही काय सांगणार? तुम्हाला तर आला होता."

अंगणातली माणसं आबांकडं बघू लागली. आबा ओट्यावर बसले होते. हळूहळू, गुडघ्यावर हात दाबत ते उठले, दोन पायऱ्या उतरले आणि थोरलीच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांचा आवाज अंगणाच्या टोकापर्यंत गेला.

"मलाही आला नव्हता. लिहून घे."

मॅनेजरची वळलेली मान तशीच राहिली. नवी गाय शेपटी झाडत होती, चरवी अर्धी भरली होती.

"थोरले," आबा म्हणाले, "धार तुटली बघ. बस खाली. तोवर मी हिला धरतो."